बिनतारी माऊसचे बिघाड व त्यांचे निदान

द्विशिक्षकी शाळेत संगणक बहुधा एकच असतो. त्याच्यापुढे बसण्याची पाळी आठवड्यातून एकदाच येणाऱ्या मुलाला त्या दिवशी पडद्यावरील बाण जागचा हलत नाही असे आढळले, म्हणजे त्याची त्या आठवड्याची पाळी बुडते. पुढील आठवड्यातही तोच अनुभव आला, की संगणकावर आच्छादन चढते आणि ते कित्येक महिने उतरत नाही. ‘यंत्र नादुरुस्त’ अशी नोंद होते, तालुक्याच्या गावाहून कारागीर बोलावण्याचा विचार होतो, आणि कारागीर आलाच तर तो माऊसमधील सेल बदलून परत जातो. वीस रुपयांच्या सेलपायी वर्गाचे अर्धे सत्र वाया जावे ही गोष्ट शोचनीय खरी. परंतु तिचे कारण शिक्षकाची अनास्था हे नसून बिघाड कोठे शोधावा याची माहिती नसणे हे आहे. ही माहिती अवघड नाही. ज्याला सायकलचे पंक्चर पाण्याच्या घमेल्यात शोधता येते त्याला माऊसचा दोषही शोधता येईल.

माऊस या साधनाची कल्पना अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत काम करणाऱ्या डग्लस एंगलबार्ट यांची. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला नमुना तयार केला. ती एक लाकडी डबी होती व तिच्या पोटाशी एकमेकांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी तिचे जाहीर प्रात्यक्षिक करून दाखविले. डबीतून शेपटीसारखी तार बाहेर येई, म्हणून तिला उंदीर म्हणजे माऊस हे नाव पडले. आजच्या बिनतारी माऊसला ती शेपटी उरलेली नाही, नाव मात्र तेच राहिले. तार गेल्यामुळे टेबल सुटसुटीत दिसते. पण तारेबरोबर वीज येई आणि निरोप जाई, ही दोन्ही कामे आता अन्य मार्गाने करावी लागतात. नव्या माऊसचे बहुतेक बिघाड याच दोन कामांत उद्भवतात.

त्याची रचना थोडक्यात अशी. माऊसच्या पोटाखाली एक लहान दिवा व एक लहान डोळा असतो. दिवा टेबलाच्या पृष्ठभागावर प्रकाश टाकतो आणि डोळा त्या पृष्ठभागाची सूक्ष्म चित्रे दर सेकंदास हजाराहून अधिक वेळा टिपतो. लागोपाठच्या दोन चित्रांत टेबलावरील बारीक खुणा किती व कोणत्या दिशेस सरकल्या याची तुलना करून माऊस किती हलला हे आतील यंत्रणा ठरविते. हा निर्णय रेडिओ लहरींच्या द्वारे संगणकाकडे धाडला जातो. संगणकाच्या पोर्टमध्ये नखाएवढा एक तुकडा खोचलेला असतो. त्यास रिसीव्हर म्हणतात. तो या लहरी ऐकतो व संगणकास कळवितो. या लहरींची कंपने सेकंदास सुमारे २.४ अब्ज, म्हणजेच २.४ गिगाहर्ट्झ, व त्यांची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. सेल, डोळा, लहर व रिसीव्हर ही साखळी ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा सारा विचार सोपा होतो, कारण कडी कोणती तुटली एवढेच पाहावयाचे उरते.

तथापि या साखळीस हात घालण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा: दोष माऊसचाच आहे कशावरून? कित्येकदा संगणकच गोठलेला असतो आणि बाण हलत नाही म्हणून बिचाऱ्या माऊसवर आळ येतो. तारेच्या कीबोर्डवर उजवीकडे ‘नम लॉक’ नावाची कळ असते व तिचा एक लहान दिवा असतो. ती कळ दाबून पाहावी. दिवा लागतो व विझतो असे दिसले तर संगणक जागा आहे असे समजून माऊसकडे वळावे. कळ कितीही दाबली तरी दिवा ढिम्म राहिला तर बहुधा संगणकच अडकला आहे. अशा वेळी दोन-तीन मिनिटे थांबावे आणि तरीही हालचाल दिसली नाही तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. या एका परीक्षेने निम्मा गोंधळ नाहीसा होतो, आणि तिला खर्च काहीच नाही.

संगणक जागा आहे व माऊस मात्र निपचित आहे असे ठरले, तर दुरुस्तीच्या आधी चालू काम सुरक्षित करणे अगत्याचे आहे. यु-डायसची माहिती भरता भरता बाण थांबला आणि शिक्षकाने घाईघाईने वीज बंद केली, तर तासाभराचे काम बुडण्याचा संभव असतो. वस्तुतः माऊसवाचूनही संगणक चालविता येतो, हे प्रत्येक शिक्षकाने एकदा करून पाहावे. ‘टॅब’ कळीने एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाता येते. ‘कंट्रोल’ व ‘एस’ या कळा एकत्र दाबल्या असता लेखन जतन होते. ‘आल्ट’ व ‘एफ चार’ या कळांनी समोरची खिडकी मिटते. विंडोजची खूण असलेली कळ व ‘डी’ एकत्र दाबून सर्व खिडक्या बाजूस सारल्या आणि मग ‘आल्ट’ व ‘एफ चार’ दाबले, की संगणक रीतसर बंद करण्याची चौकट उघडते.

याहूनही उपयुक्त अशी एक सोय विंडोज प्रणालीत आहे. डावीकडील ‘आल्ट’, डावीकडील ‘शिफ्ट’ आणि ‘नम लॉक’ या तीन कळा एकदम दाबल्या असता एक चौकट येते. ‘एंटर’ दाबून तिला संमती दिली म्हणजे कीबोर्डच्या उजव्या बाजूचे अंक माऊसचे काम करू लागतात. आठ दाबला की बाण वर, दोन दाबला की खाली, चार दाबला की डावीकडे व सहा दाबला की उजवीकडे जातो. पाच म्हणजे माऊसचे बटण. बाण सरकत नाही असे वाटल्यास ‘नम लॉक’चा दिवा लागलेला आहे ना हे पाहावे. ज्या कीबोर्डला अंकांचा हा निराळा भाग नाही त्यावर ही सोय उपयोगी पडत नाही. बाणाची ही चाल संथ असते व मुलांना तिचा प्रथम कंटाळा येतो. पण चौथीच्या मुलांना एकदा ही युक्ती दाखविली की ती तिचा खेळच करतात, असा अनुभव येईल. मुलाची पाळी त्या दिवशी तरी वाया जात नाही.

आता साखळीची पहिली कडी, सेल. माऊस उलटा करावा. पोटाशी एक लहान चालू-बंद बटण असते. दप्तरात वा कपाटात ठेवताना ते सरकून बंद होते आणि कोणाच्याही ध्यानात येत नाही. नवीन माऊस असेल तर सेलपाशी प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी बसविलेली असते. ती ओढून काढल्यावाचून वीज वाहत नाही. बटण चालू असून पोटाखालचा दिवा लागत नसेल तर सेलकडे पाहावे. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. काही माऊसचा दिवा अवरक्त किरणांचा असतो व तो डोळ्यांस दिसत नाही. तेव्हा दिवा दिसला नाही एवढ्यावरून माऊस मेला असे ठरवू नये. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून पाहिले असता असा प्रकाश पुष्कळदा अंधुक दिसतो. माऊसच्या दिव्याकडे टक लावून पाहण्याची सवय मुलांना लागू देऊ नये हे बरे.

सेल चांगला की वाईट हे ठरविण्यासाठी तो भिंतीवरच्या घड्याळात घालून पाहण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. घड्याळ चालले, सबब सेल चांगला, असा निर्णय दिला जातो. हा निर्णय फसवा आहे. घड्याळाला वीज इतकी अल्प लागते की म्हातारा झालेला सेलही ते महिनोन्‌महिने चालवितो. माऊसला मात्र दिवा लावावयाचा असतो, डोळा चालवावयाचा असतो आणि लहरही पाठवावयाची असते. थकलेल्या बैलाने रिकामी गाडी ओढली म्हणून तो भरलेली ओढीलच असे नाही. म्हणून संशय आला असता नवा अल्कलाइन सेल घालूनच परीक्षा करावी, आणि माऊसमधून काढलेला जुना सेल खुशाल घड्याळात घालावा. तो तेथे आणखी काही काळ उपयोगी पडतो. सेल दोन असतील तर दोन्ही एकदम बदलावे. एक नवा व एक जुना अशी जोडी करणे ही काटकसर नव्हे, कारण जुना सेल लवकर रिता होतो आणि मग गळण्याचा धोका वाढतो. पुन्हा भरता येणाऱ्या निकेलच्या सेलचा दाब १.५ व्होल्ट नसून सुमारे १.२ व्होल्ट असतो. काही माऊस त्यावर उत्तम चालतात, काही मात्र सेल संपल्याची खूण लवकर दाखवितात.

सेलच्या टोकांवर पांढरा भुगा जमलेला आढळला तर सेल गळला आहे असे समजावे. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र अल्क असतो, म्हणून तो भुगा बोटांनी खरवडू नये व मुलांना त्यास स्पर्श करू देऊ नये. सेल काढून टाकून काडीला कापूस गुंडाळावा, तो व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात किंचित बुडवून धातूच्या पट्ट्या पुसाव्यात, नंतर किंचित ओल्या व शेवटी कोरड्या कापसाने पुसून माऊस दिवसभर उघडा वाळू द्यावा. आम्लाने अल्काचे उदासिनीकरण होते हे वरच्या वर्गांना पाठ्यपुस्तकातून शिकविले जाते. त्याचे असे घरगुती उदाहरण क्वचितच हाती लागते. पावसाळ्यात कोकणासारख्या दमट भागात सेल न गळताही पट्ट्यांना गंज चढतो. तेथे शिसपेन्सिलीच्या खोडरबराने पट्ट्या हलकेच घासल्या असता बहुधा काम भागते.

सेल नवा, दिवा चालू, आणि तरी बाण उड्या मारतो वा एका जागी थरथरतो असे असेल तर डोळ्याकडे व पृष्ठभागाकडे लक्ष द्यावे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर काच घालण्याची प्रथा आहे व काचेखाली वेळापत्रके, सुट्ट्यांची यादी वगैरे ठेवलेली असतात. ही व्यवस्था माऊसला मुळीच मानवत नाही. स्वच्छ काचेवर खुणा नसतात. प्रकाश आरपार जातो वा परावर्तित होतो आणि डोळ्याला तुलना करण्याजोगे काहीच सापडत नाही. एकरंगी व चकचकीत सनमायक्यावरही थोडाफार हाच प्रकार होतो. उपाय अगदी साधा: माऊसखाली वहीचा जाड पुठ्ठा किंवा कोरा खरखरीत कागद ठेवावा. बाण लगेच ताळ्यावर आला तर माऊस निर्दोष होता आणि त्याबद्दल कोणासही पत्र लिहिण्याचे कारण नाही. डोळ्याच्या खोबणीत केस, खडूची धूळ वा धागा अडकला असल्यास फुंकर मारण्याऐवजी कोरड्या मऊ कुंचल्याने तो काढावा; फुंकरीबरोबर ओलावा आत जातो.

पुढची कडी रिसीव्हरची, आणि शाळांतून सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. रिसीव्हर पोर्टमध्ये आहे की नाही, हे प्रथम पाहावे. तो इतका लहान असतो की कचरा काढताना निघून आला तरी कळत नाही. असेल तर काढून दुसऱ्या पोर्टमध्ये घालावा व संगणकाला तो ओळखण्यास थोडा वेळ द्यावा. पोर्टच निकामी आहे की काय अशी शंका आली तर त्याच पोर्टमध्ये पेनड्राइव्ह घालून पाहावा. सीपीयूच्या पुढील बाजूचे पोर्ट आतून एका वायरने जोडलेले असतात व ती वायर सैल झाली म्हणजे ते सारे एकदम बंद पडतात. मागील पोर्ट मात्र मुख्य फळीवरच बसविलेले असल्याने चालू राहतात.

मागे रिसीव्हर घातला की माऊस चालू होतो खरा, पण आता मध्ये सीपीयूची लोखंडी पेटी येते. सीपीयू लोखंडी टेबलाच्या खालच्या कप्प्यात असेल तर अडथळे दोन झाले. रेडिओ लहरी पुठ्ठा, लाकूड यांतून सहज जातात, पण धातू त्यांना परतवून लावतो. पाणी त्या शोषून घेते, आणि मनुष्यदेहाचा मोठा भाग पाणीच असल्याने संगणकाभोवती मुलांनी गर्दी केली असताही निरोप दुर्बल होतो. मोकळ्या जागेत १० मीटरपर्यंत चालणारा माऊस अशा ठिकाणी हातभर अंतरावर अडखळू लागतो. यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे यूएसबीची हातभर लांब जोडवायर घेऊन तिच्या टोकाशी रिसीव्हर लावावा व तो टेबलावर माऊससमोर आणून ठेवावा.

या जोडवायरीने आणखी एक अडचण दूर होते, आणि ती फारशी कोणास ठाऊक नसल्याने येथे विस्ताराने सांगणे योग्य होईल. पुष्कळ संगणकांवर काही पोर्ट आतून निळ्या रंगाचे असतात. ते यूएसबीच्या तिसऱ्या पिढीचे, अधिक वेगवान असे पोर्ट होत. त्यांत बाहेरची हार्डडिस्क अथवा वेगवान पेनड्राइव्ह काम करू लागला म्हणजे त्याच्या आसपास २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात विद्युत् गोंगाट उठतो. इंटेल कंपनीने २०१२ साली हे मोजमापांसह प्रसिद्ध केले. बाजारच्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये, तशी शेजारच्या पोर्टमधील रिसीव्हरची स्थिती होते. त्यामुळे मुलांना पेनड्राइव्हवरील चित्रफीत दाखविताना बाण नेमका अडखळतो व पेनड्राइव्ह काढताच सुरळीत होतो. असे घडत असेल तर त्यात विषाणूचा काही संबंध नाही. रिसीव्हर निळ्या पोर्टपासून दूर न्यावा, म्हणजे झाले. वाय-फायचे यंत्रही बहुधा याच पट्ट्यात बोलते, म्हणून ते रिसीव्हरला लागून ठेवू नये.

सकाळी माऊस ठीक चालतो, पण काही वेळ संगणक तसाच ठेवून परत आल्यावर चालत नाही, अशी तक्रार असल्यास संगणकाने वीज वाचविण्यासाठी तो पोर्ट निजवलेला असण्याचा संभव आहे. विंडोजची कळ व ‘एक्स’ एकत्र दाबून मग ‘एम’ दाबले असता ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडते. तेथे यूएसबी विभागातील ‘रूट हब’च्या गुणधर्मांत ‘पॉवर मॅनेजमेंट’चे पान असल्यास, वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संमती देणाऱ्या चौकोनातील खूण काढून टाकावी. त्याच यादीत माऊसचे नाव निवडून नोंद काढून टाकली आणि संगणक पुन्हा सुरू केला तर संगणक माऊसची नव्याने ओळख करून घेतो. कधी कधी एवढ्यानेही भागते.

ज्या शाळांत एकाच जातीचे आठ-दहा माऊस आले आहेत तेथे निराळीच गंमत होते. प्रत्येक माऊसची व त्याच्या रिसीव्हरची कारखान्यातच गाठ बांधलेली असते. दिसावयास सारखे असले तरी एकाचा रिसीव्हर दुसऱ्यास चालत नाही. सफाईच्या दिवशी सारे माऊस एका टोपलीत व सारे रिसीव्हर दुसऱ्या टोपलीत गेले, की दुसऱ्या दिवशी एक मुलगा आपला माऊस हलवितो आणि बाण तिसऱ्याच संगणकावर धावतो. मग एकेक माऊस हलवून जोड्या जुळविण्यात तास जातो. माऊस, रिसीव्हर व संगणक या तिघांवर एकच अंक लिहिलेली चिकटपट्टी पहिल्याच दिवशी लावून ठेवावी. रिसीव्हर कायमचा हरवला तर बहुतेक स्वस्त माऊस निरुपयोगी ठरतात. काही कंपन्या नवा रिसीव्हर जोडण्याची सोय देतात, पण ती त्यांच्या ठरावीक प्रकारांपुरतीच असते. काही माऊस ब्लूटूथवर चालतात व त्यांना रिसीव्हर नसतोच; परंतु टेबलावरील कित्येक जुन्या संगणकांत ब्लूटूथची सोयच नसते, हे खरेदीपूर्वी पाहावे.

बटणांच्या तक्रारी थोड्या आहेत. एकदा दाबले असता दोनदा दाबल्याचा परिणाम होऊ लागला तर बटणाखालील कळ झिजलेली असते. त्यावर शाळेत करण्याजोगा उपाय नाही. डावे बटण उजव्याचे काम करीत असेल तर मात्र माऊस बिघडलेला नसून कोणी तरी सेटिंग डावखुऱ्यासाठी बदलून ठेवली आहे. ती वर्गातील एखाद्या डावखुऱ्या मुलाच्या सोयीची असेल, तर तिच्याविषयी तक्रार करण्याआधी त्या मुलास विचारावे.

एवढे करूनही उलगडा न झाल्यास शेवटची परीक्षा अदलाबदलीची. माऊस व त्याचा रिसीव्हर दुसऱ्या संगणकाला, तो शेजारच्या शाळेतला वा एखाद्या शिक्षकाच्या घरचा असला तरी चालेल, लावून पाहावा. तेथे चालला तर दोष शाळेच्या संगणकात आहे. तेथेही न चालला तर माऊस गेला. या सर्व परीक्षांत एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सेल, पोर्ट व टेबल ही तिन्ही एकदम बदलून माऊस चालू झाला, तर नेमके काय चुकले होते ते कधीच कळत नाही व पुढील महिन्यात पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. पाचवी-सहावीच्या मुलांना हे शोधकाम देऊन प्रत्येक पायरीची नोंद फळ्यावर करविली, तर विज्ञानाच्या तासाचेही काम होईल. सेल काढण्या-घालण्याचे काम मात्र शिक्षकानेच करावे. विशेषतः गुंडीसारखे चपटे सेल आणि नखाएवढा रिसीव्हर लहान मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. गिळला गेलेला चपटा सेल दोन तासांच्या आत अन्ननलिकेस गंभीर इजा करू शकतो, तेव्हा तसा नुसता संशय आला तरी वाट न पाहता मुलास रुग्णालयात न्यावे.

माऊस खरोखरच निकामी ठरला तर जडसंग्रह नोंदवहीत तशी नोंद करून सादिल खर्चातून दुसरा घेता येतो. तो घेताना पुन्हा बिनतारीच घेतला पाहिजे असे नाही. तारेच्या माऊसला सेल लागत नाही, त्याचा रिसीव्हर हरवत नाही, तो गर्दीत अडखळत नाही आणि किमतीनेही बहुधा कमीच असतो. ज्या शाळेत संगणक एकाच टेबलावर राहणार आहे तेथे तारेचाच माऊस अधिक सोयीचा होय. बिनतारी माऊस ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनीही तारेचा एक माऊस कपाटात राखून ठेवावा.

दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी माऊसमधील सेल काढून ठेवावेत, कारण सेल गळण्याचे प्रकार असे दीर्घ काळ पडून राहिल्यानेच अधिक होतात. माऊसच्या पोटात रिसीव्हरसाठी बहुधा एक खोबण असते. रिसीव्हर तीत बसवून झाकण लावावे. संपलेले सेल चुलीत वा शाळेच्या उकिरड्यात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तोवर ते सेल झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत, टोकांना चिकटपट्टी लावून, मुलांच्या हाताबाहेर साठवावेत आणि तालुक्यास जाणाऱ्याबरोबर संकलन केंद्राकडे पाठवावेत.